‘लोड कित्ता है?’

हैदराबादेतल्या कोठीच्या गुजराती गल्लीत बॅटरीचा भाव विचारला की उत्तरादाखल प्रश्नच येतो, ‘‘लोड कित्ता है, साब?’’ कॅम्पिंग ट्रेलरसाठी बॅटरी घ्यायची, तर खरेदी या प्रश्नापासूनच सुरू व्हायला हवी.

हिशेब मी कागदावर मांडून नेला होता. १२ व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज ४५ वॅटचा. उन्हाळ्यात निम्मा वेळ चालला तरी दिवसाला ५४० वॅट-अवर त्याचेच. रात्रभराच्या पंख्याला २००, दिव्यांना ५०, मोबाइल-लॅपटॉपला १००. बेरीज ८९०. इंडक्शन शेगडी मात्र दुकानदाराने तिथल्या तिथे खोडली. १५०० वॅट १२ व्होल्टवरून ओढायचे म्हणजे सव्वाशे अँपिअर. तेवढ्या जाडीची वायर परवडत नाही. स्वयंपाक गॅसवरच बरा.

घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवरची असते. पण शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर बसते, म्हणजे हाती उरतात ९००. वजन पन्नास किलोंच्या वर. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि आपण झोपणार त्याच डब्यात! लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी १२८० वॅट-अवरची, त्यातले हजारेक बिनधास्त वापरता येतात, आणि वजन बारा किलोंच्या आसपास. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला हा फरक चढावर कळतो.

शेवटी लिथियमचीच ठरली आणि काउंटरवर माझ्यासमोर जोडली गेली. ३.२ व्होल्टचे चार सेल, एकामागे एक. कारागीर प्रत्येकाला मल्टिमीटर लावत होता: ३.२९, ३.२९, ३.३०. चौथा ३.२१ दाखवू लागला, तो त्याने काही न बोलता बाजूला सरकवला. कारण साधं आहे. चौघांतला एक जरी आधी रिकामा झाला, तरी बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, सगळी बॅटरी बंद करतं. बाकी तिघांतली वीज तशीच अडकून पडते. नवा सेल आला, सेल जोडणारे बस-बार बसले, मग बीएमएसच्या बारीक वायरी क्रमाने. इथे घाई केलेली चालत नाही, एक वायर चुकली की बोर्ड जळालाच समजा.

प्रवासात चार्जिंगसाठी गाडीच्या अल्टरनेटरवरून थेट वायर ओढायचा सल्ला गल्लीत सर्रास मिळतो. तो ऐकू नये. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढून घेते आणि अल्टरनेटर तापतो. मधे २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावला की हैदराबाद ते बिदर या तीनेक तासांत साडेसातशे वॅट-अवर भरतात. छतावर १०० वॅटचं सोलर पॅनेल असेल, तर दख्खनच्या उन्हात दिवसाला आणखी चारशेच्या आसपास.

आणि तयार ‘पॉवर स्टेशन’चा डबा? वर्षातून दोनदा बाहेर पडणाऱ्याने तोच घ्यावा. एरवी घरी वीज गेल्यावर कामी येतो. पण त्यात बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर एकत्र असतात. एक बिघडलं की सगळा डबा दुरुस्तीला. वारंवार फिरणाऱ्यांनी भाग सुटेच घ्यावेत.

काहीही घ्या, पण पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवल्याशिवाय दुकानातून ट्रेलर हलवू नका.