अडगळीतला मोठा पडदा

यवतमाळ, पुसद, वणी किंवा दारव्हा येथील एखाद्या जुन्या व्यापारी घरात, बैठकीच्या कोपऱ्यात अथवा पेढीमागच्या गोदामात, कपाटाएवढा काळा दूरचित्रवाणी संच धूळ खात उभा असेल, तर तो बहुधा 'प्रोजेक्शन टीव्ही' असावा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो घरात येणे ही प्रतिष्ठेची बाब होती. क्रिकेटच्या सामन्याला शेजारपाजार गोळा होई आणि पाहुण्यांना तो आवर्जून दाखविला जाई. आज त्याला गिऱ्हाईक नाही. दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात द्यावा, असा विचार होणे स्वाभाविक आहे. मात्र देण्यापूर्वी त्या पेटीत काय काय दडलेले आहे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

हा संच जन्माला आला तो काचेच्या मर्यादेमुळे. जुन्या संचातील चित्रनलिका आतून निर्वात असते आणि बाहेरून हवेचा दाब तिला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाने दाबत असतो. 29 इंची नलिकेच्या नुसत्या दर्शनी काचेवर हा भार दोन टनांहून अधिक भरतो. पडदा वाढवायचा तर काच जाड करावी लागे. 40 इंची नलिकेचा संच सव्वाशे किलोंच्या पलीकडे गेला होता. यावर अभियंत्यांनी काढलेली युक्ती साधी होती. मोठी नलिका करूच नये. लाल, हिरवी आणि निळी अशा साधारण सात इंची तीन छोट्या नलिका पेटीच्या तळाशी बसवाव्यात, त्यांची चित्रे भिंगांतून मागच्या तिरप्या आरशावर टाकावीत आणि तेथून ती पडद्याच्या पाठीवर उमटवावीत. आरशामुळे प्रकाशाची वाट दुमडली जाई आणि पेटी भिंतीलगत मावे. 21 इंची संचाच्या जागी 52 इंची संच आला की चित्राचे क्षेत्रफळ सहापट होई.

खरे कौशल्य पडद्यात होते. त्याच्या मागील थरावर एकात एक वर्तुळांच्या बारीक खाचा असतात. हे फ्रेनेल भिंग होय. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल यांनी दोनशे वर्षांपूर्वी दीपगृहांसाठी ते विकसित केले. जाड भिंगाचे काम पातळ पत्र्यासारख्या तबकडीने व्हावे, हा त्यामागचा हेतू. पुढच्या थरावर उभ्या रेघांचे बारीक उंचवटे असतात. ते प्रकाश डावीकडे-उजवीकडे पसरवितात, वर-खाली मात्र फारसा नाही. त्यामुळे सोफ्यावर बसलेल्याला चित्र लख्ख दिसे आणि खाली सतरंजीवर बसलेल्या आजींना तेच चित्र मंद दिसे. दोष आजींच्या डोळ्यांचा नव्हता, हे त्या वेळी किती घरांत कोणाच्या लक्षात आले असेल?

तीन चित्रे एकमेकांवर नेमकी बसली नाहीत तर अक्षरांना लाल-निळ्या कडा दिसत. संच जागचा हलविला तरी जुळणी बिघडे. आणखी एक खोड व्यापाऱ्यांना विशेष महागात पडणारी होती. दिवसभर शेअर बाजाराची वाहिनी चालू ठेवली, तर खाली सरकणारी भावांची पट्टी आणि कोपऱ्यातील वाहिनीचे चिन्ह नलिकेतील लेप कायमचा झिजवीत. मग रात्री चित्रपट लावला तरी पट्टीची सावली तशीच राही.

पुढे नलिकांची जागा चिपने घेतली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये असंख्य सूक्ष्म आरशांची चिप तयार केली. अशा एका चिपवर नऊ लाखांहून अधिक आरसे असत आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलत असे. चित्राची जुळणी बिघडण्याची कटकट संपली. पण प्रकाशासाठी प्रखर दिवा आला. तो काही हजार तासांनी बदलावा लागे आणि बंद केल्यावरही त्याला थंड करणारा पंखा काही वेळ चालावा लागे. भारनियमनाच्या दिवसांत वीज अचानक गेली की पंखाही थांबे आणि तापलेल्या दिव्याचे आयुष्य घटे. वऱ्हाडच्या उन्हाळ्याचा विचार त्या दिव्याच्या रचनेत अर्थातच झालेला नव्हता. तोवर भिंतीवर टांगता येणारे सपाट पडदे स्वस्त होऊ लागले होते. सोनीने 2007 च्या अखेरीस हे उत्पादन थांबविण्याचे ठरविले, तर शेवटपर्यंत टिकलेल्या मित्सुबिशीने 2012 च्या डिसेंबरात. त्याआधी वर्षभरच तिने 92 इंची संच बाजारात आणला होता.

आता अडगळीतल्या संचाकडे वळू. तीन नलिकांच्या संचात प्रत्येक नलिका आणि तिचे भिंग यांच्यामध्ये एक द्रव भरलेला असतो. उष्णता शोषण्यासाठी घातलेल्या या द्रवात मुख्यत्वे इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असते, म्हणूनच घातक. जुनी सील झिजली की ते ठिबकते. भंगारवाल्याने नलिका फोडली की जमिनीवर सांडते. कुत्री-मांजरे ते आवडीने चाटतात आणि शरीरात त्याचे विष होऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. शुद्ध स्वरूपातील दोन चहाचे चमचे लहान मांजराचा जीव घेण्यास पुरेसे आहेत. पांजरापोळीला नियमित दान देणाऱ्या घरातून निघालेल्या पेटीने गल्लीतल्या मुक्या जिवाचा घात व्हावा, आणि ते कोणाला कळूही नये, हे सहज घडू शकते. नलिकांच्या काचेत शिसे असते, तर चिपच्या संचातील दिव्यात पारा.

दुसरा धोका फ्रेनेल भिंगाचा. पडद्यातून सुटे केलेले हे भिंग मुले खेळायला घेतात, किंवा ते गच्चीवर पडून राहते. त्यावर पडलेले सारे ऊन ते एका ठिपक्यावर एकवटते. लाकूड क्षणात पेट घेते. मार्च-एप्रिलमध्ये, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाठी उघड्यावर असताना, असे भिंग उन्हात विसरणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

म्हणून संच घरी उघडू नये, आडवा पाडू नये आणि उभाच न्यावा. तो लगेच द्यायचा नसेल तर सावलीत, पडद्यावर जाड कापड टाकून ठेवावा. ई-कचऱ्याचे नियम देशात 2012 पासून लागू आहेत आणि दूरचित्रवाणी संच त्यांत मोडतो. त्यामुळे नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडेच तो सोपवावा आणि पावती घ्यावी. रद्दीवाल्यापेक्षा पैसे कमी मिळतील, कदाचित वाहतुकीचा खर्चही आपल्यालाच सोसावा लागेल. तोही खर्च संचाच्या मूळ किमतीतच धरावा.