वार्धक्याची सोबत आणि यंत्रमानव

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी, सिंदी, सावंगी आणि बोरगाव या गावांच्या नावांपुढे 'मेघे' हे उपपद लागते. शहर वाढत वाढत या गावांच्या वेशीत शिरले आहे. मुले नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याकडे गेली आणि घरी दोन वृद्ध जीव, पुढे पुढे एकच, उरला, हे दृश्य बोरगाव मेघेसारख्या वस्त्यांतून आता नवलाचे राहिलेले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. औषधपाण्याची सोय करता येते. सायंकाळी दोन शब्द बोलायला कोणी नसणे, या दुखण्यावर मात्र दवाखान्यात चिठ्ठी मिळत नाही.

हे दुखणे हलके करण्यासाठी जगात काही ठिकाणी यंत्राचे साहाय्य घेण्यात येत आहे. जपानमधील शास्त्रज्ञ ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून 'पारो' नावाचा यंत्रमानव विकसित केला. नाव यंत्रमानव असले तरी त्याचे रूप मानवाचे नाही. सील या समुद्री प्राण्याच्या पांढऱ्या, लोकरी पिलाचे आहे. त्याच्या अंगात स्पर्श, प्रकाश, ध्वनी व तापमान ओळखणारी साधने आहेत. पाठीवरून हात फिरवला की ते मान वळवते, पापण्या मिटते, बारीक आवाज करते. कुत्रा-मांजर प्रत्येकाने पाहिलेले असते. त्यामुळे नकली प्राण्यातील उणीव लगेच लक्षात येते. सील फारसा कोणी जवळून पाहिलेला नसतो, म्हणून त्याची निवड झाली. अमेरिकेत २००९ मध्ये पारोला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली.

दुसरा प्रकार बोलणाऱ्या यंत्रांचा. इस्रायली कंपनीचे 'एलिक्यू' हे मेजावर ठेवावयाचे यंत्र हाक मारण्याची वाट न पाहता स्वतःच विचारपूस सुरू करते. न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण विभागाने २०२२ मध्ये आठशेहून अधिक वृद्धांना ते देण्याची योजना हाती घेतली. दक्षिण कोरियात 'ह्योडोल' नावाची बाहुली औषधाच्या वेळा सांगते आणि घरात बराच वेळ हालचाल जाणवली नाही तर संबंधितांना सूचना पाठवते. महाराष्ट्रातही या तंत्राची ओळख नाही असे नाही. मुंबईत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा 'मिको' प्रसिद्ध आहे, पण तो लहान मुलांचा सोबती आहे.

या यंत्रांचा उपयोग किती? ऑस्ट्रेलियात २८ वृद्धसेवा केंद्रांतील ४१५ स्मृतिभ्रंशग्रस्तांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सेवेपेक्षा पारोमुळे वृद्धांची मनःस्थिती सुधारली. परंतु एका गटाला तसेच दिसणारे, पण आतील यंत्रणा बंद ठेवलेले मऊ खेळणे देण्यात आले होते. त्या खेळण्याच्या तुलनेत पारो सरस ठरला तो केवळ वृद्धांना बोलते व गुंतवून ठेवण्यात. पारोची किंमत सुमारे सहा हजार डॉलर, म्हणजे पाच लाख रुपयांच्या घरात. श्रावणबाळ योजनेतील दरमहा १५०० रुपयांच्या हिशेबाने ही एका वृद्धाची पंचवीस वर्षांहून अधिक काळाची रक्कम होते. हा हिशेब नजरेआड करून चालणार नाही.

भाषेचा प्रश्नही लहान नाही. बोरगाव मेघेतील आजीबाई 'का' न म्हणता 'काहून' म्हणणार. पुस्तकी मराठीवर शिकवलेल्या यंत्राला वऱ्हाडी वळण उमगले नाही, तर सोबतीऐवजी चिडचिडच पदरी पडेल. शिवाय बोलणारे यंत्र ऐकतही असते. घरातील बोलणे कोठे साठवले जाते, हे त्या वृद्धाला समजावून त्याची संमती घेणे आवश्यक आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीचे हे तत्त्व मान्य केले आहे. स्मृती हरवलेल्या माणसाला खेळणे सजीव वाटू देणे ही फसवणूक ठरते काय, यावर तर जाणकारांतही एकमत नाही.

वर्ध्याच्या भूमीत यंत्राविषयी बोलताना सेवाग्रामचे स्मरण होणारच. महात्मा गांधींचा यंत्रांना सरसकट विरोध नव्हता. सेवाग्रामी येण्याच्या बारा वर्षे आधी, १९२४ मध्ये, त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी घडवले, असे कारण त्यांनी दिले. पुढे सेवाग्रामी त्यांनी कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्रींची शुश्रूषा मात्र स्वतःच्या हातांनी केली. औषधाची आठवण, पडझडीची सूचना, मुलाशी चित्रसंभाषण जोडून देणे, एवढे काम यंत्राकडे सोपवण्यास हरकत नसावी. मुलाने यंत्र पाठवले आणि दिवाळीची फेरी टाळली, तर मात्र त्या यंत्राने सोबत केली असे म्हणता येणार नाही.

यंत्रमानव गावोगाव पोहोचावयास अवकाश आहे. तोवर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत उपलब्ध आहे. निवृत्तिवेतन, कायदेशीर साहाय्य यांच्या माहितीबरोबरच मनातले बोलण्यासाठीही तिचा उपयोग करता येतो, आणि पलीकडून उत्तर देणारा माणूस असतो.