तयारी नसलेल्यांचं संगीत

पुण्यात कुणी गातो किंवा वाजवतो असं कळलं की पहिला प्रश्न येतो, "कुणाकडे शिकता?" दुसरा, "किती वर्षं?" पंकवाल्याकडे दोन्हींचं उत्तर नसतं. 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकत आलेल्या या शहरात अशा संगीताला सोयरे मिळणं अवघडच होतं. मिळाले, पण थोडे, उशिरा आणि भलत्याच क्रमाने. त्यातले काही आमच्या खराडीत सापडतात. सोमवार ते शुक्रवार गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, शनिवारी अंगात 'रमोन्स'चा टीशर्ट. त्यातल्या निम्म्यांनी रमोन्स ऐकलेले नसतात, तो भाग वेगळा.

ऐकायला हवेत. एप्रिल 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या या चौघांची पहिली रेकॉर्ड आली. 14 गाणी, एकूण वेळ 29 मिनिटं, खर्च सुमारे 6,400 डॉलर. त्या काळी मोठे रॉक बँड एका गाण्याच्या आलापीत एवढा वेळ घालवत. जॉनी रमोनचा उजवा हात नीट बघण्यासारखा. बहुतेक गिटारवादक पिक वर-खाली फिरवतात, त्यात श्रम निम्मे होतात. हा गडी वर जाताना तारेला शिवतच नाही. प्रत्येक ठोका वरून खाली, तोही सुसाट वेगात. अर्धा तास तसं वाजवून पाहा, दुसऱ्या दिवशी ऑफिसात माउस धरवत नाही. म्हणजे इथे रियाज नाही असं नव्हे. रियाजाचा बडेजाव नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये जानेवारी 1977 मध्ये मँचेस्टरच्या 'बझकॉक्स'नी उसन्या पाचशे पौंडांत 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झालं, तेही वेष्टनावर छापून टाकलं. लपवायचं काय त्यात? याच सुमारास पंकवाल्यांची हाताने जुळवलेली, झेरॉक्स केलेली मासिकं निघाली. मार्क पेरीचं 'स्निफिन ग्लू' 1976 चं. मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे वगैरे मंडळींनी 'शब्द' हे सायक्लोस्टाइल अनियतकालिक 1954 मध्येच काढलं होतं, आणि साठच्या दशकात 'असो', 'फक्त', 'येरू' अशी रांग लागली. प्रतिष्ठित संपादक छापत नाहीत ना, मग आपणच छापू! कोलटकर तर पुढे गिटार घेऊन इंग्रजी गाणीही रचत होते. विद्रोहाची ही रीत आपल्याकडे वीसेक वर्षं आधीच होती; तिला विजेची गिटार तेवढी जोडली गेली नाही.

पश्चिमेत आधी पंक आलं, मग त्याच्या धगीवर न्यू वेव्ह. म्हणजे तीच घाई, तोच तुटकपणा, पण सोबतीला कीबोर्ड, रेगे, नाचाचा ठेका आणि थोडी हुशारी मिरवायची हौस. टॉकिंग हेड्स, ब्लाँडी, डिवो, एक्सटीसी. आपल्याकडे मात्र न्यू वेव्हच आधी अवतरली. 26 मार्च 1980 रोजी 'द पोलीस' मुंबईत वाजवून गेले. जगाच्या दौऱ्यावर निघालेले हे तिघे जण लोकप्रियतेच्या ऐन भरात होते, आणि मुंबईतला कार्यक्रम ठरवला होता 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब' या स्त्रियांच्या धर्मादाय मंडळाने. लंडनच्या कळकट तळघरांतून वर आलेला बँड भारतात सत्कार्याच्या मदतनिधीसाठी वाजवतो, याहून अस्सल मुंबईचं काही असू शकत नाही.

माझा या बँडवर जीव आहे तो ड्रमवाल्यामुळे. स्ट्यूअर्ट कोपलंड मुख्य ठोका कित्येकदा गाळतो आणि सगळी गंमत हाय-हॅटच्या दोन पातळ झांजांवर करतो. गणपतीच्या आधी नदीकाठी पथकांचा सराव चालतो तेव्हा ढोल एका लयीत घुमत असतात आणि ताशेवाला वरून तर्री सोडत त्यांना डिवचत असतो; कोपलंडची काडी नेमका हाच उद्योग करते. अँडी समर्सची गिटार मध्ये मध्ये नुसते तुकडे टाकते. त्यामुळे गाण्यात भरपूर मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत स्टिंगचा उंच पट्टीतला आवाज शिरतो.

यानंतर वाटलं असतं की लाट येईल. आली ती हेवी मेटलची. 1986 मध्ये मुंबईच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं, आणि पुढची दोन दशकं काळे टीशर्ट आणि लांब केस यांची. कारण माझ्या मते साधं आहे. आपल्याकडचे बँड वाढले ते कॉलेजच्या स्पर्धांत. स्पर्धा म्हटली की परीक्षक, परीक्षक म्हटला की गुण, आणि गुण मोजता येतात ते बोटांच्या वेगाचे. तीन कॉर्डांत, बेसूर, पण मनातलं बोलणाऱ्या पोरांना तिथे कोण विचारणार? मेटलवाल्याची तान मोजता येते. पुणेकराला तर ती लगेच कळते. 'तयारी आहे हो पोराची', एवढं म्हणून तो मान डोलावतो.

त्या काळात पंकची खरी चाल मला दिसते ती गोव्यात, आणि तीही पंक नसलेल्या माणसात. रेमो फर्नांडिस, शिक्षणाने आर्किटेक्ट. 1984 चा 'गोअन क्रेझी' हा अल्बम त्याने शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला, वाद्यं स्वतः वाजवली, कव्हर स्वतः रंगवलं आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या. त्याचं संगीत मऊ, बासरीबिसरीचं. पण कंपनी दाराशी येईल म्हणून तो थांबला नाही. बझकॉक्सना शोभणारं काम.

मग 1991 ला स्टार टीव्हीवरून एमटीव्ही घरात आला, 1994 ला ग्रीन डेचं 'डुकी' आलं, आणि पंकची ओळख आम्हाला झाली ती पहिल्या लाटेनंतर 18 वर्षांनी, कॅलिफोर्नियाच्या चकचकीत आवृत्तीतून. रमोन्स त्यानंतर, बझकॉक्स आणखी नंतर. म्हणजे आधी नातवाची भेट, मग आजोबांची. उलट्या क्रमाचा एक फायदा झाला. कुठलं 'खरं' पंक आणि कुठलं बाजारू, या भांडणात आम्ही फारसे पडलो नाही.

ब्रिटनमधल्या देशी पोरांची गोष्टही आम्हाला अशीच मागाहून कळली. 1978 मध्ये मार्गारेट थॅचर 'परक्या संस्कृती'च्या पुरात बुडण्याची भीती बोलून गेल्या. लंडनच्या पाकिस्तानी वंशाच्या तरुणांनी तोच टोमणा उचलून आपल्या पंक बँडचं नाव ठेवलं, 'एलियन कल्चर'. नव्वदीत 'कॉर्नरशॉप'चा टिजिंदर सिंग अशाच खरखरीत गिटारवरून सुरुवात करून थेट आशा भोसल्यांवरच्या गाण्यापर्यंत पोचला, आणि ते 1998 ला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. सांगलीत जन्मलेल्या गायिकेच्या नावावर इंग्रज पोरं नाचली. हे 'पंक' नव्हे असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला चहा पाजतो.

पुण्याचा खरा काळ 2010 पासूनचा. त्या वर्षी डिसेंबरात कोरेगाव पार्कात एनएच-7 वीकेंडर भरला, आणि पहिल्याच खेपेला 'एशियन डब फाउंडेशन' आले. पुढे हा महोत्सव मगरपट्टा, अमनोरा असं करत अखेर नगर रस्त्यावरच्या महालक्ष्मी लॉन्सवर, म्हणजे आमच्या उंबऱ्याशी आला. ज्या हिरवळीवर लग्नाचे मांडव पडायचे तिथे एकाच वेळी चार-पाच रंगमंच. प्रायोजक दारूची कंपनी, मनगटावर चिप असलेली पट्टी, खाण्याचे दर आयटीवाल्यांच्या हिशेबाने. पंकला यातलं काहीच शोभत नाही, हे मान्य. पण याच दशकात मुंबईचे 'द रायट पेडलर्स' राजकारण्यांपासून बॉलिवूडपर्यंत सगळ्यांना शिव्या घालत होते, 'द लाइटइयर्स एक्सप्लोड'नी 2013 मध्ये 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण' काढला, आणि अरुणाचलच्या मुलींचा 'द विनाइल रेकॉर्ड्स' ताठ, टोकदार न्यू वेव्ह वाजवत होता. या सगळ्यांना जगवलं ते महोत्सवांपेक्षा कोरेगाव पार्कच्या 'हाय स्पिरिट्स'सारख्या जागांनी. तिथे मंच असा उंचावर नाही, गायकाचा घाम पुढच्या रांगेवर उडतो. चुकीच्या पट्टीत सुरू झालेलं गाणं थांबवून, हसून, पुन्हा सुरू करता येतं, आणि कुणी तक्रार करत नाही.

गेल्या काही वर्षांत मोठी नावंही येऊन गेली, सगळी मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या लोलापलूझात. 2023 ला 'द स्ट्रोक्स', 2024 ला स्टिंग, पोलीसच्या मुंबई भेटीनंतर 44 वर्षांनी. आणि मार्च 2025 मध्ये ग्रीन डे, भारतात पहिल्यांदाच. पन्नाशी ओलांडलेल्या त्या तिघांनी अप्रतिम वाजवलं. एक ठोका इकडचा तिकडे नाही, आतषबाजी वेळच्या वेळी. सवाईच्या श्रोत्यांनीही 'तयारी आहे' म्हणावं असा घोटीव कार्यक्रम. मी प्रत्येक गाणं ओरडून म्हटलं आणि घशाची वाट लावून घेतली. तरी मला निवडायला सांगितलं तर मी तळघरातला, चुकून पुन्हा सुरू केलेला कार्यक्रम निवडेन.

खराडीपुरती एक व्यवहाराची बाब. इकडे लॉन्सच्या आजूबाजूला आता टॉवर उभे राहिलेत, आणि उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा हा नियम 2000 सालापासूनचा. पावणेदहा वाजले की प्रोग्रेसिव्ह रॉकवाले कासावीस होतात, त्यांचं एक गाणंही उरलेल्या वेळात मावत नाही. रमोन्सच्या हिशेबाने सात होतात.