लिफ्टचं काम वेगळं, टायरचं काम वेगळं

हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखा पिकअप घेतलेल्या हौशी माणसाचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी हौद्यावर कव्हर येतं, मग दोन इंचांची लिफ्ट. लिफ्ट झाली की भेटेल तो विचारतो, "टायर कधी बदलताय?" उचललेल्या गाडीखाली कंपनीचे टायर केविलवाणे दिसतात, हे कबूल. पण दिसण्यापलीकडे या विषयावर जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं तपासून घ्यायला हवं.

सगळ्यांत पक्का समज असा की लिफ्ट केली म्हणजे गाडी आता कुठे टेकत नाही. हायलक्सखाली एकदा वाकून बघा. पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत आणि पुढचं डिफरन्शियल चासीला बांधलेलं आहे, म्हणून लिफ्टबरोबर तेही वर जातं. मागे मात्र अख्खा सलग अ‍ॅक्सल पाट्यांवर बसवलेला आहे आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लोंबतो. पाटे बदला, शॅकल लांब करा, चासी दोन इंच वर जाईल. गोळा होता तिथेच राहील, कारण त्याची जमिनीपासूनची उंची चाकाच्या मध्यावर ठरते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा आणि ओढ्यातला धोंडा नेमका या गोळ्यालाच लागतो. लिफ्टने पोट वर जातं, बंपर चढणीला लवकर टेकत नाही, हा फायदा खराच. पण गोळा वर न्यायचा तर टायरच उंच हवा.

आता किती उंच? हायलक्सच्या साध्या प्रकारात 265/65 आर 17 टायर येतो. 265 ही मिलिमीटरमधली रुंदी, 65 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, आणि 17 इंचांची रिम. गणित केलं की पूर्ण व्यास सुमारे 776 मिलिमीटर निघतो. वरच्या प्रकारातला 265/60 आर 18 मोजला तर तोही 775 च भरतो. "माझ्या गाडीला अठराची चाकं आहेत, म्हणजे मोठी" हा दुसरा गैरसमज इथेच निकालात निघाला: रिम मोठी झाली, चाक नाही. लोक हौसेने बसवतात तो 285/70 आर 17, त्याचा व्यास सुमारे 831. फरक 55 मिलिमीटरचा, पण गोळा वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे 27 मिलिमीटर. इंचभरच म्हणा. धोंडा चुकवायला हा इंच कधीकधी पुरतो, पण एका इंचासाठी काय काय मोजावं लागतं ते पुढे बघू.

"लिफ्ट केलीय ना, मग बसतीलच" हे दुकानात ऐकू येणारं वाक्य. सरळ उभ्या गाडीत बसतात, ते खोटं नाही. पण खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक बहुतेक तितकंच वर येतं जितकं लिफ्टआधी येत होतं. ते कुठे थांबायचं हे बंप स्टॉप ठरवतो, लिफ्टचा स्प्रिंग नाही. त्यामुळे खरी तपासणी मैदानात करायची. पुढचं एक चाक उंच दगडावर किंवा बांधावर चढवा, स्टीअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवा, गाडी नीट उभी करा आणि मग टायर आणि चासीच्या मधे हात घालून बघा. पुढच्या चाकाच्या मागे केबिन चासीला जिथे बोल्टने पकडलेली असते ती जागा, मडफ्लॅप आणि बंपरच्या आतलं प्लास्टिक, हे तीन ठिकाणचे शत्रू. तिथला रंग घासून पत्रा चकाकत असेल तर उत्तर मिळालं. यात भर म्हणून कमी ऑफसेटच्या, बाहेर येणाऱ्या रिम घातल्या की चाक वळताना आणखी मोठी फेरी मारतं आणि घासण्याची शक्यता वाढते. रुबाब वाढतो, पण व्हील बेअरिंगवरचा भारही वाढतो.

ॲव्हरेजबद्दलचा गोंधळ तर मजेशीर आहे. मोठे टायर घातले, ॲव्हरेज बारावरून साडेदहावर आलं, अशी तक्रार समजा कुणी केली. इथे मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही. चाक सात टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे मीटरने 100 किलोमीटर दाखवले तेव्हा गाडी 107 गेलेली असते. साडेदहाला 1.07 ने गुणलं की सव्वाअकरा येतात. म्हणजे दीडपैकी निम्मी घट कागदावरची. उरलेली मात्र खरी आहे: जास्त वजन, जास्त रुंदी, ठोकळेदार नक्षीचं घर्षण.

हाच हिशेब वेगालाही लागू होतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम 39 प्रमाणे मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो; जास्त दाखवायला मुभा आहे. म्हणून मूळ टायरवर मीटर बहुधा थोडा पुढेच असतो आणि मोठ्या टायरवर तो योगायोगाने बरोबर येऊ शकतो. पण तुमचा मीटर आधीच अचूक असेल तर 80 दाखवताना गाडी 85 च्या वर असेल. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

"इंजिनात भरपूर टॉर्क आहे, टायर काय ओढायचे?" ओढेल, प्रश्न तो नाही. चाक मोठं झालं की प्रत्येक गियर सात टक्क्यांनी लांब होतो. घाटात जिथे तिसऱ्यात चढायचात तिथे दुसरा टाकावा लागेल आणि लो रेंजमध्ये गाडी पूर्वीइतकी हळू रांगणार नाही. ब्रेकचंही तेच: डिस्क तेवढीच, तिला थांबवायचं चाक मोठं आणि जड. हौदा भरून घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. डिफरन्शियलचे गियर बदलून हे भरून काढता येतं, पण तो खर्च टायरच्या अंदाजपत्रकात कुणी धरलेला नसतो.

रुंदीचं खूळ वेगळंच. वाळूत रुंद टायर तरंगतो, हे अर्धसत्य. हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा ठसा मुख्यतः लांब होतो आणि गाडीला तारतो तो हा लांबलेला ठसा. म्हणजे मूळ टायर आणि हवा भरायचा छोटा पंप एवढ्यावर वाळूतलं बरंच काम भागतं. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत तर रुंदीपेक्षा नक्षी महत्त्वाची: ठोकळ्यांमधली जागा चिकट मातीने भरली आणि ती झटकली गेली नाही, की टायर कितीही रुंद असो, त्याचा गुळगुळीत गोळा होतो. आणि त्याच रुंद टायरवर पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर साचलेल्या पाण्यावरून गाडी लवकर तरंगू लागते.

भिंतीवरची "10 प्लाय" ही अक्षरं वाचून दहा थर मोजू नका. सुती धाग्याच्या जमान्यातलं ते मापन आहे; आता ते फक्त ताकदीची श्रेणी सांगतं, आत थर मोजकेच असतात. जास्त भार पेलणारा टायर घातला म्हणून हौद्यात जास्त माल घालता येतो असंही नाही. मूळ टायरवरचा 112 हा अंक 1,120 किलो दर चाकी सांगतो; जड टायरवर 121, म्हणजे 1,450 किलो असेल. पण गाडीची मर्यादा पाटे, अ‍ॅक्सल आणि ब्रेक ठरवतात, आरसी बुकावर लिहिलेली तीच.

मोठ्या टायरचं खरं घर बघायचं तर आइसलँडला जावं लागेल. तिथल्या आर्क्टिक ट्रक्स या कंपनीने हायलक्सला 38 इंची टायर घातले, 2007 मध्ये त्या गाड्या 'टॉप गिअर' या टीव्ही कार्यक्रमाच्या मंडळींना घेऊन उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या 1996 मधल्या जागेपर्यंत गेल्या. पण त्यासाठी मडगार्डच्या कमानी कापून रुंद केल्या जातात, गियर बदलले जातात आणि बर्फावर टायरमध्ये अगदी नावापुरती हवा ठेवली जाते. तिथे टायर हा अख्ख्या बदलाचा एक भाग असतो.

आपल्याकडे कायद्याची बाजूही बघावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. टायरवाला "कोणी विचारत नाही" म्हणेल. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर विचारतो. लिफ्ट केलेल्या गाडीला हे आधीच लागू आहे, मोठे टायर फक्त ते लांबून दाखवतात.

माझं मत विचाराल तर गाडी कुठे अडते ते आधी एक पावसाळा बघावं. चिखलात घसरत असेल तर मूळ मापाचाच चांगला ऑल-टेरेन टायर घ्या. बंपर टेकत असेल तर लिफ्टने काम झालेलं आहे. मागचा गोळा वारंवार लागत असेल, तरच मोठं माप. आणि तेव्हा पाच टायरचे पैसे धरा, चारचे नव्हे. जुन्या मापाची स्टेपनी मागे लावून फोर बाय फोरमध्ये गाडी चालवली तर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. नवी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत मावते का, तेही टेप लावून आधीच मोजा. 285/70 सारखा सुमारे 33 इंची टायर तिथे पुष्कळदा अडतो. मग तो हौद्यात ठेवायचा, म्हणजे सामानाची तेवढी जागा गेली.