रेडिओ दीर्घिका : समूहातले कृष्णविवर काय करते?

मागच्या वेळी कृष्णविवर काय गिळते ते आपण पाहिले. आज ते बाहेर काय फेकते, ते पाहू.

मोजक्या दीर्घिका गुरुत्वाने एकत्र बांधल्या गेल्या की समूह होतो. त्यांच्यामध्ये सुमारे १ कोटी अंश तापमानाचा विरळ वायू असतो. क्ष-किरण टाकत तो निवतो, मधल्या दीर्घिकेकडे उतरतो. मग तिथे ताऱ्यांचे पीक यायला हवे ना? फारसे येत नाही. का?

कन्या राशीतली एनजीसी ५८१३ घ्या, सुमारे साडेदहा कोटी प्रकाशवर्षांवरची. चंद्रा दुर्बिणीला तिच्या वायूत पोकळ्यांच्या तीन जोड्या दिसल्या. म्हणजे कृष्णविवराचे तीन उद्रेक. निवलेला वायू आत पडतो, झोत सुटतात, वायू पुन्हा तापतो आणि कृष्णविवराचा घासच तुटतो. कार्यच इथे फिरून कारणाला आवर घालते!

झोतांतले जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थकतात. म्हणून म्हातारे रेडिओ-ढग कमी वारंवारतेवरच नीट दिसतात. इथे आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी कामाला येते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी तिने २३५ आणि ६१० मेगाहर्ट्झवर असे समूह न्याहाळले.

मोठ्या दीर्घिकागुच्छात गुरुत्व भक्कम, वायू सहसा निसटत नाही. समूहात ते बेताचे. तेवढ्याच जोराचा झोत वायूला पार बाहेर लोटू शकतो. तेव्हा रेडिओ दीर्घिकेचे आयुष्य समजायचे, तर नुसते कृष्णविवर पाहून भागत नाही. ते कुठल्या घरात राहते, हेही आपल्याला विचारावे लागते.