हरितेचे पान

पावसाळ्यात जुन्या भिंतींवर, कौलांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर हिरवीगार मखमल पसरते. तिला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. वनस्पतिशास्त्रात मात्र यांपैकी अनेक वनस्पतींना हरिता किंवा मॉस असे स्वतंत्र नाव आहे. भिंगातून पाहिले की इवलेसे खोड आणि त्याभोवती मांडलेली नाजूक पाने स्पष्ट दिसतात. मध्यशीर वगळता अशा पानाची जाडी बहुधा एकाच पेशीइतकी असते.

हे पान आणि आंब्याचे पान यांचे काम एकच: सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणे. तरीही त्यांच्यात एक मूलभूत भेद आहे. प्रत्येक वनस्पतीच्या जीवनचक्रात दोन पिढ्या असतात. एका पिढीच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो, तर दुसरीत दोन संच असतात. आंब्याचे झाड दोन संचांच्या पिढीचे. हरितेचे पर्णयुक्त रोप मात्र एकाच संचाच्या पिढीचे. या दोन्ही गटांच्या अतिप्राचीन सामाईक पूर्वजाला पाने नव्हती, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे निसर्गात पान वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे निर्माण झाले. मग त्याची घडण करणारी जनुके एकच आहेत की निराळी?

या प्रश्नाचा शोध प्रामुख्याने फिस्कोमिट्रियम पेटेन्स या हरितेवर घेतला गेला. पूर्वी तिला फिस्कोमिट्रेला म्हणत. १९९७ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की, या वनस्पतीतील नेमके हवे ते जनुक बदलता अथवा काढून टाकता येते. एकच गुणसूत्रसंच असल्याने जनुक नाहीसे झाल्याचा परिणामही लपून राहत नाही. उणीव भरून काढणारी दुसरी प्रत तेथे नसतेच. २००८ साली तिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि संशोधनाला वेग आला.

हरितेचा बीजाणू रुजला की प्रथम हिरव्या तंतूंचे जाळे तयार होते. या तंतूंवर पुढे सूक्ष्म कळ्या येतात. कळीच्या टोकाशी चार पृष्ठांची एक अग्रस्थ पेशी असते. ती आपल्या तीन बाजूंकडून क्रमाक्रमाने नव्या पेशी वेगळ्या करते. अशा प्रत्येक पेशीपासून एक पान आणि त्यालगतचा खोडाचा भाग घडतो. पानांची सर्पिल मांडणी या शिस्तबद्ध विभाजनातूनच येते. तंतूपासून कळी निर्माण होण्यास एपीबी नावाची चार जनुके आवश्यक असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ही चारही जनुके काढून टाकली, तेव्हा तंतू वाढत राहिले; परंतु पर्णयुक्त रोप मुळीच तयार झाले नाही.

सपुष्प वनस्पतींत नॉक्स गटातील जनुके खोडाच्या टोकाशी पेशींची विभाजनक्षमता टिकवतात. जेथे पान फुटायचे, तेथे ती बंद होतात. हरितेतही ही जनुके आहेत, पण ती बीजाणू निर्माण करणाऱ्या दुसऱ्या पिढीत कार्य करतात. ती काढून टाकली तरी रोपाला पाने नेहमीसारखीच येतात. येथे दोन्ही पानांच्या वाटा वेगळ्या झालेल्या दिसतात.

मध्यशिरेची कथा मात्र निराळी आहे. तेथे पाणी वाहणाऱ्या व आधार देणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या घडणीवर व्हीएनएस गटातील जनुकांचे नियंत्रण असते. सपुष्प वनस्पतींतील जलवाहिन्याही याच कुळातील जनुकांच्या देखरेखीखाली घडतात. हरितेतील ही जनुके निकामी केल्यास त्या पेशी सदोष बनतात, असे २०१४ साली सिद्ध झाले. म्हणजे पान स्वतंत्रपणे निर्माण झाले, तरी पाणी वाहून नेण्याची जनुकीय युक्ती दोघांनाही प्राचीन वारशातूनच मिळालेली असावी.

हरितेचे पान आणखी एका बाबतीत विलक्षण आहे. ते कापून ओलसर जागी ठेवले, तर छेदालगतच्या पेशी पानपण सोडून पुन्हा तंतू निर्माण करू लागतात आणि त्यांतून नवे रोप उभे राहते. २०१९ साली संशोधकांनी स्टेमिन नावाचे जनुक अखंड पानात कृत्रिम रीतीने कार्यान्वित केले, तेव्हा कोणतीही इजा नसतानाही पेशींत हेच परिवर्तन घडून आले. यावरून ध्यानात येते की, पानाच्या पेशीत संपूर्ण रोप घडविण्याची माहिती कायम असते. कोणते जनुक केव्हा जागे व्हावे आणि केव्हा शांत राहावे, यावर तिचे रूप अवलंबून असते.

नवा अवयव घडविताना निसर्ग प्रत्येक वेळी सारे काही नव्याने निर्माण करीत नाही. काही जुनी साधने तो नव्या कामी लावतो, तर काही वाटा नव्याने शोधतो. भिंतीवरच्या त्या इवल्या पानात या दोन्ही रीती एकत्र नांदताना दिसतात.