अजगर सांभाळताना

प्राणिसंग्रहालयात निवांत पडलेला अजगर तुम्ही पाहिला असेल. तो आळशी वाटतो. पण त्याची देखभाल करणाऱ्याला विचारा! जाळीदार अजगर ६ मीटरांहूनही लांब वाढतो. अजगराला विष नसते. तो भक्ष्याला विळखा घालतो आणि विळखा आवळून त्याचा रक्तप्रवाह थांबवतो.

त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात. त्यांमुळे त्याला ऊब कळते. उंदीर उबदार असतो आणि तुमचा हातही! हाताला उंदराचा वास लागला असेल, तर अजगर फसणारच. म्हणून देखभाल करणारा आधी हात धुतो. दार उघडल्यावर लोखंडी आकड्याने अजगराला हळूच स्पर्श करतो. ‘आत्ता जेवण नाही’, हा त्या स्पर्शाचा अर्थ अजगर सवयीने ओळखतो. मोठ्या अजगराजवळ कोणी एकटे जात नाही. विळखा पडलाच, तर तो शेपटीकडून सोडवायला दुसरा माणूस हवा.

कात टाकण्यापूर्वी अजगराचे डोळे दुधासारखे पांढुरके होतात. त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो लवकर चिडतो. त्या दिवसांत त्याला हात लावत नाहीत. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादीही तशीच रागीट!

आपल्याकडचा भारतीय अजगर घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. घराजवळ अजगर दिसला, तर दूर उभे राहा आणि वनखात्याला कळवा.